सात नंबरचं मूळ

गौतमी ओव्हाळ शिरूरच्या कॉलेजात पीएच.डी.ला लागली ती २००० सालच्या ऑगस्टमध्ये. घर वरवंडचं. वडील शंकरराव रेल्वेत की-मॅन होते. कडेठाण ते केडगावचा पट्टा रोज पायी तपासायचा, रुळाची सैल झालेली चावी हातोड्यानं ठोकून बसवायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. आई विठाबाई लोकांच्या कांद्यात खुरपायला जायची. एम.एस्सी.ला चांगले मार्क पडूनही पुण्यात दोन गाईडनी गौतमीला जागा भरल्याचं सांगितलं होतं, आणि नंतर त्याच जागांवर दुसरी मुलं दिसली होती. शिरूरला डॉ. चांगदेव ढमढेरे यांनी तिची मार्कलिस्ट पाहिली, "सकाळी आठला हजर राहायला जमेल का?" एवढंच विचारलं आणि तिला घेतलं.

ढमढेरे सर तेव्हा सत्तावन्नचे. घरची बागायत, थोरला भाऊ सोसायटीचा चेअरमन, पण सरांचा जीव झाडांत. कॉलेजच्या मागं जुन्या खुर्च्या-बाकं टाकायची खोली होती. ती त्यांनी प्राचार्यांच्या मागं लागून रिकामी करून घेतली, फरशी बसवताना स्वतः उभे राहिले, आणि तिथं प्रयोगशाळा थाटली. खंडूमामा नावाचे पन्नाशीचे परिचर काचसामान धुवायचे, मीडिया, म्हणजे मुळांना लागणारं साखर-क्षारांचं पाणी, तयार करायचे. बस, एवढीच माणसं.

काम चित्रकावर होतं. पांढऱ्या फुलांचं, चिकट बोंडांचं हे झुडूप माळावर, कुपाटीत उगवतं. त्याचं मूळ औषधी. ते इतकं जहाल असतं की नुसतं हाताळलं तरी कातडीवर फोड येतात. कान्हूरच्या माळावरून तुळजाबाई नावाची एक म्हातारी सरांना ही झुडपं आणून द्यायची. जन्मभर मुळ्या खणून खणून तिच्या दोन्ही हातांची बोटं काळी पडली होती, नखांच्या कडेला जुन्या फोडांचे वण होते. एकदा गौतमीनं तिला विचारलं, "आजी, मूळ काढल्यावर झाड जगतं का?"

"कसं जगंल बाई? मूळच काढलं म्हंजी झालं की. आदी आमच्या वाडीच्या मागंच घावायचं. आता दोन डोंगर वलांडावं लागत्यात."

सरांना नेमकं हेच थांबवायचं होतं. मातीत एक जिवाणू असतो. झाडाला जखम झाली की तो तिथून शिरतो आणि आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. मग त्या जागी बारीक केसाळ मुळांचा झुबका फुटतो. ही मुळं पानांवाचून, मातीवाचून, नुसत्या साखरपाण्यावर वाढत राहतात. शेतकऱ्याच्या लेखी तो रोग. सरांच्या लेखी ती झाड न मारता काचेत औषधी मूळ पिकवायची वाट होती. चित्रकाच्या पानाला सुईनं जखम करायची, त्यावर जिवाणू सोडायचा, दोन दिवसांनी अँटिबायोटिक देऊन त्याला मारून टाकायचा. जिवाणू मरतो, त्यानं दिलेली जनुकं झाडात राहतात. सांगायला सोपं आहे. गौतमीचं सबंध पहिलं वर्ष पानं काळी पडून सडण्यात गेलं.

२००१ च्या डिसेंबरात एका पानाच्या देठाशी पांढरी लव फुटली. तिनं त्या मुळाला क्रमांक दिला, सात.

बाकीची मुळं रडतखडत वाढायची. सात नंबर मात्र महिन्यात फ्लास्क भरून टाकायचं, आणि आसपासचं पाणी शेंदरी-पिवळं करून सोडायचं. तो पिवळा रंग म्हणजेच औषध. मोजमाप केलं तेव्हा माळावरच्या मुळाच्या तिप्पट भरलं. बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये मुळं घालून गौतमी एसटीनं पुण्याला गेली, तिथल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत जनुकाची तपासणी केली. जिवाणूनं द्यायचं ते जनुक मुळात दिसलं. तिनं आणलेला तपासणीचा फोटो सरांनी उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लिहायला घे."

परदेशी नियतकालिकानं लेख स्वीकारला तो पुढच्या ऑगस्टमध्ये. पहिलं नाव गौतमीचं, दुसरं सरांचं. त्या रविवारी सर न सांगता वरवंडला आले. बौद्धवस्तीत, विहाराच्या मागच्या त्यांच्या घरात सतरंजीवर मांडी घालून बसले, विठाबाईंच्या हातची भाकरी-आमटी जेवले, वर पाणी मागून घेऊन प्याले. शंकरराव जेवले नाहीत, समोर बसून नुसते पाहत राहिले. तशा बड्या बागायतदार घरचा माणूस आपल्या घरी असा जेवताना त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. सर निघताना म्हणाले, "शंकरराव, तुमच्या मुलीचा हात फार स्वच्छ आहे. आमच्या कामात तेच लागतं."

हे वाक्य शंकररावांनी पुढं वर्षभर केडगाव स्टेशनवर ज्याला त्याला सांगितलं.

सप्टेंबरात अँटिबायोटिकचा साठा संपला आणि पुरवठादारानं माल पाठवायला महिना लावला. नियमाप्रमाणं मुळं फुटल्यावर काही महिन्यांत ते औषध बंदच करायचं असतं. पण 'असू दे, धोका नको' म्हणून ते मीडियात पडत आलं होतं. आता खंडूमामांनी ते न घालता मीडिया ओतला. आठव्या दिवशी गौतमीनं रॅकवरचे फ्लास्क पाहिले. बाकीच्या मुळांचं पाणी नितळ होतं. सात नंबरच्या नऊच्या नऊ फ्लास्कांत मुळाभोवती पातळ धुरासारखी गढूळ कड धरली होती.

तिला आधी वाटलं, आपल्याच हातून बाहेरचं काही पडलं. तिनं नव्यानं लावलं. पुन्हा तीच कड. तेव्हा त्यातला थेंब तिनं काचेच्या ताटलीत पसरून वाढवला. दोन दिवसांनी झाकण उघडलं तेव्हा वासावरूनच ओळखलं. दोन वर्षं रोज हाताळलेला तो जिवाणू होता, त्यांचाच.

पुढं काय तपासायचं ते तिला ठाऊक होतं. जिवाणूजवळ दोन प्रकारची जनुकं असतात. एक प्रकार तो झाडाला देतो. दुसरा कधीच देत नाही, स्वतःजवळच ठेवतो. मुळात पहिला प्रकार एकटाच दिसला तर काम साधलं. दुसराही दिसला, तर जिवाणू मेलेलाच नाही, मुळाच्या आत दबून बसलेला आहे, आणि आधी दिसलेलं जनुकही त्याच्याच अंगातलं असू शकतं. ही दुसरी तपासणी त्यांनी लेखासाठी केली नव्हती. करायला हवी होती. घाईत राहून गेली, असं म्हणायचं.

तिनं ती केली. दुसरं जनुक ठळक दिसलं.

मग तिनं सात नंबरच्या मुळांची केसाएवढी टोकं कापून, जास्त अँटिबायोटिकमध्ये तीनदा लावून, जिवाणू पुरता काढून टाकला. उरलं ते स्वच्छ मूळ तपासलं. त्यात ना पहिलं जनुक होतं, ना दुसरं. चित्रकाचं साधं मूळ, कधी देठाला आपसूक फुटतं तसं. जिवाणू गेल्यावर ते बाकीच्यांसारखंच रडतखडत वाढू लागलं, आणि त्याचं पाणी नितळ राहिलं. पिवळ्या रंगाचा उलगडाही तेव्हाच झाला. ते जहाल द्रव्य म्हणजे झाडाचं हत्यार. आत शिरलेल्या जिवाणूशी मूळ झगडत होतं आणि झगडताना तिप्पट द्रव्य करत होतं. त्याला कोणतंही नवं जनुक मिळालेलं नव्हतं. ते आजारी होतं.

नोव्हेंबरच्या एका सकाळी तिनं सगळे फोटो सरांच्या टेबलावर ओळीनं मांडले.

"सर, सात नंबरमध्ये जिवाणू जिवंत आहे."

"वरचं इन्फेक्शन असेल."

"नाही सर. आतून येतोय. आपलाच आहे. आणि तो काढला की जनुकही जातं."

सरांनी एकेक फोटो उचलून पाहिला. खिडकीबाहेर परीक्षेचे फॉर्म भरायला आलेल्या मुलांचा गलबला चालला होता. त्यांनी उठून खिडकी लावली.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

तिनं पुन्हा केलं. जानेवारीपर्यंत तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच आलं. तेवढ्यात लेख छापून आला, त्याच्या पंचवीस प्रती पोस्टानं आल्या. तिसऱ्या वेळचे फोटो पाहून सरांनी ते पालथे ठेवले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हे आपण मुद्दाम केलेलं नाही, गौतमी."

"नाही सर."

"मे महिन्यात मी रिटायर होतोय. पस्तीस वर्षं झाली. नंतर बघू. तू थोडं थांब."

ती बरं म्हणाली.

त्या रविवारी तिनं घरी सगळं सांगितलं. शंकरराव ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होते. जिवाणू, जनुक यांतलं त्यांना किती समजलं कोण जाणे, पण गोम समजली.

"म्हंजी छापून आलंय ते खोटं हाय?"

"चुकीचं आहे, आबा."

"तुज्याबिगर कुणाला ठावं हाय?"

"सरांना."

शंकररावांनी बूट बाजूला ठेवले. "मग गप ऱ्हा. आदी डिग्री घे. एकदा नावाम्होरं डॉक्टर लागलं की मग काय सांगायचं ते सांग, लोक ऐकून घेतील. आत्ता बोललीस तर काय म्हणतील ठावं हाय का? बड्या लोकाची चूक झाली तर चूक ऱ्हाती. आपल्यातल्यानं केली तर म्हणत्यात, बघा, आमी म्हणलंच हुतं."

"पण आबा, तुम्ही रूळ तडकलेला दिसला तर..."

"रुळाचं येगळं," ते म्हणाले. "त्येच्यावरनं माणसं जात्यात."

विठाबाई चुलीपाशी होत्या. गौतमीनं विषय तिथंच सोडला, आणि खरं सांगायचं तर सोडता आल्याचं तिला बरंच वाटलं.

मे महिन्यात सरांचा निरोप समारंभ झाला. कॉलेजच्या हॉलबाहेर त्यांच्या संशोधनाची पाटी लागली, तीत चित्रकाचा उल्लेख होता. भाषणं झाली. गौतमीलाही बोलायला उभं केलं. तिनं सरांनी आपल्याला कसं घेतलं ते सांगितलं, सात नंबरचं नाव काढलं नाही. ती खाली बसत असताना सरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

सर निवृत्त झाले तरी तिचे गाईड तेच राहिले. ती दौंडला ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली, उरलेल्या वेळात प्रबंध लिहू लागली. पाच प्रकरणांतली तीन सात नंबरवर होती. लिहिताना ती आकडे जसेच्या तसे उतरवी. आकडे खरेच होते.

पहिलं पत्र २००४ च्या एप्रिलमध्ये आलं. ओडिशातल्या एका लहान कॉलेजातून, सुलोचना बेहेरा नावाच्या मुलीचं, इंग्रजीतून, सुबक अक्षरात. 'मॅडम, तुमचा लेख वाचून मी चित्रकाचं काम घेतलं. चौदा महिने झाले. मुळं फुटतात, पण तुमच्या सात नंबरसारखं एकही मिळत नाही. माझं काय चुकतंय ते कृपा करून सांगाल का?' सोबत तिच्या फ्लास्कांचे फोटो होते. मुळं नितळ पाण्यात, पांढरीशुभ्र. गौतमीनं ते पाहिल्याबरोबर ओळखलं, या मुलीची मुळं निरोगी आहेत. ती बरोबर करते आहे.

तिनं दोन पानी उत्तर लिहिलं. पानं कोवळी घ्यावीत, जखम शिरेवर करावी, खोलीचं तापमान पंचवीसच्या वर जाऊ देऊ नये, जिवाणूचा दुसरा वाण वापरून पाहावा. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. पत्र पेटीत टाकून ती तासाला गेली. फळ्यावर लिहिताना दोनदा चुकली, दोनदा पुसलं.

दुसरं पत्र सप्टेंबरच्या मध्याला आलं.

'मॅडम, तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. नवा वाण मागवायला दोन महिने गेले, पण केलं. एकशेवीस पानं लावली. सात नंबरसारखं काही मिळालं नाही. माझे सर म्हणतात, छापलेलं जमत नसेल तर दोष तुझ्या हातात आहे. माझी फेलोशिप या महिनाअखेर संपते. पुढं मुदतवाढ मिळणं अवघड दिसतं. तरी तुम्हाला अजून काही सुचत असेल तर कळवा. तुम्ही एवढं सविस्तर उत्तर दिलंत त्याबद्दल आभारी आहे.'

गौतमी स्टाफरूममध्ये होती. तिनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, प्राचार्यांकडं अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि चौफुल्यावरून शिरूरची एसटी धरली. प्रबंधाची प्रत शिरूरला बांधायला टाकली होती. आधी ती तिथं गेली, काम थांबवायला सांगितलं. लेख मागं घेत असल्याचं पत्र तिनं एका सायबरकॅफेत बसून टाइप केलं. खाली सहीसाठी दोन जागा सोडल्या.

सर तळेगावच्या मळ्यात होते. डाळिंबाच्या रांगांतून ठिबकच्या नळ्या तपासत चालले होते. तिला पाहून म्हणाले, "प्रबंध झाला वाटतं." सरांच्या पत्नी सविताकाकूंनी चहा आणून दिला. त्या आत गेल्यावर गौतमीनं आधी सुलोचनेची दोन्ही पत्रं सरांच्या हातात दिली. त्यांनी ती सावकाश वाचली.

"कोण आहे ही मुलगी?"

"माहीत नाही सर. माझ्यासारखीच कुणीतरी असेल."

"तू तिला उत्तर काय दिलं होतंस?"

तिनं सांगितलं. सरांनी मान खाली घातली. मग तिनं टाइप केलेला कागद पुढं केला. तो वाचताना त्यांचा चेहरा कठीण झाला.

"सात नंबर काढलं तर तुझ्या प्रबंधात उरतं काय?"

"दोन प्रकरणं. तीही अर्धी."

"चार वर्षं गेली तुझी. आणि माझं? तिथं हॉलबाहेर पाटी आहे. भाऊबंद आहेत. पोरं आहेत माझ्या हाताखाली शिकलेली." त्यांनी पत्रं परत दिली. "मी थांब म्हणालो, तू थांबलीस. आता दोन वर्षांनी माझ्या दारात कागद घेऊन येतेस."

"तुम्ही म्हणालात म्हणून थांबले असं मी म्हणणार नाही, सर. मलाही थांबायचं होतं."

सरांनी कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. "ठेवून जा," म्हणाले. तिला रस्त्यापर्यंत सोडायला ते आले नाहीत. एरवी येत.

तिनं एक आठवडा वाट पाहिली, मग दुसरा. सर काहीच कळवेनात. सहीशिवाय सुलोचनेला लिहावं तर सरांचं नाव आपण परस्पर उघड्यावर आणल्यासारखं होतं, आणि न लिहावं तर महिना संपत होता. संपलाच. ऑक्टोबरच्या चार तारखेला ती दौंडच्या पोस्टात गेली, तिथल्याच बाकावर बसून तिनं आंतर्देशीय पत्र लिहिलं. सात नंबर कधीच बदललेलं मूळ नव्हतं. त्यात जिवाणू जिवंत होता. हे मला नोव्हेंबर २००२ पासून माहीत आहे. एप्रिलमध्ये तुम्हाला लिहिताना माहीत होतं. तुमची मुळं मी फोटोत पाहिली, ती बरोबर आहेत. हे पत्र तुमच्या सरांना दाखवा.

माफी कशी मागावी ते तिला कळेना. शेवटी एक ओळ लिहिली, आणि ती अपुरी आहे हे माहीत असूनही तशीच ठेवली.

घरी सांगितलं तेव्हा शंकररावांनी ताट बाजूला सारलं. "कुणी मागितलं हुतं का तुज्याकडं?" ते म्हणाले.

"हो आबा. तिनं मागितलं होतं. दोनदा."

शंकरराव उठून बाहेर गेले. दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. विठाबाईंनी मात्र त्या रात्री तिच्या ताटात भाकरी वाढताना विचारलं, "त्या पोरीची आई असंल का गं?" गौतमी म्हणाली, माहीत नाही. "असंल," विठाबाई म्हणाल्या, आणि चुलीकडं वळल्या.

नियतकालिकाचा अंक जानेवारीत आला. लेख मागं घेतल्याची सूचना शेवटच्या पानावर होती, अर्ध्या रकान्याची. गौतमीनं टाइप केलेला मजकूर त्यात नव्हता. तो सरांनी स्वतः लिहिला होता आणि खाली सही एकट्या त्यांची होती. आवश्यक तपासणी न करता निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची जबाबदारी माझी आहे. माझ्या विद्यार्थिनीनं नोव्हेंबर २००२ मध्ये ही चूक पुराव्यासह माझ्या नजरेस आणून दिली. तिला थांबायला मी सांगितलं. प्रयोग फसल्यामुळं ज्या संशोधकांचा वेळ गेला त्यांची मी क्षमा मागतो.

ती पुन्हा मळ्यात गेली. सर या वेळी घरातच होते, थोडे वाळले होते. कॉलेजात बातमी पोचली होती. एका समितीवरून त्यांचं नाव कमी झालं होतं, पाटी उतरवून ठेवली होती. थोरल्या भावानं तोंडावर म्हटलं होतं, एका पोरीपायी अब्रू घालवलीस.

"सर, तुम्ही लिहिलंत त्यात मी गप्प बसले ते नाही. तिला एप्रिलमध्ये मी जे लिहिलं तेही नाही."

"गाईड मी होतो."

"पण ते खरं नाही, सर. पुरतं खरं नाही."

"पुरतं खरं मला लिहिता आलं असतं तर तेव्हाच लिहिलं असतं," सर म्हणाले. मग, "तुझं जे आहे ते तुझं तू सांग. ज्याला सांगायचं त्याला सांग. मी माझं सांगितलं." त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. "प्रबंधाला किती दिवस लागतील?"

"पहिल्यापासून करायचं तर दोन वर्षं."

"मग लाग कामाला. खंडू अजून आहे तिथं. त्याला सांग, मुळं फुटल्यावर मीडियात अँटिबायोटिक घालायचं नाही."

सुलोचनेचं उत्तर आलं ते फेब्रुवारीत, जाडसर पोस्टकार्डावर, पत्ता वेगळाच. 'तुमचं पत्र कॉलेजात पडून होतं. फेलोशिप सप्टेंबरअखेर संपली तशी मी गावी परतले होते. ते मला नाताळात मिळालं. सरांना दाखवलं, ते काही बोलले नाहीत. परत बोलावतील असं वाटत नाही. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या हातात दोष नव्हता हे कळलं, बरं वाटलं. रोज वाटायचं की आहे.'

एवढंच. रागाचा एक शब्द नव्हता. गौतमीनं उत्तरादाखल तिला आपल्या खर्‍या नोंदींच्या झेरॉक्स पाठवल्या, पुन्हा काम सुरू करायचं झाल्यास उपयोगी पडतील म्हणून. त्यावर काही आलं नाही. आणखी एकदा लिहिलं, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा तिनं लिहिलं नाही. त्या मुलीला आता आपल्या पत्रांची गरज नसावी, हे तिनं समजून घेतलं.

पुढची दोन वर्षं ती दौंडहून शिरूरला जाऊन येऊन काम करत राहिली. एकशे त्रेचाळीस मुळं लावली. प्रत्येकाची दोन्ही जनुकं तपासली. खरोखर बदललेली फक्त चार निघाली, आणि त्या चारांतल्या एकाचंही औषध माळावरच्या मुळापेक्षा जास्त भरलं नाही. तुळजाबाई मध्ये एकदा झुडपं घेऊन आली, तेव्हा तिनं विचारलं, "घावलं का गं बाटलीतलं मूळ?" गौतमी म्हणाली, "घावलं आजी. पण तुमच्याइतकं जहाल न्हाई." म्हातारी हसली आणि पाय पसरून चहाची वाट पाहत बसली.

प्रबंध लहान झाला. एकशेदहा पानं. पुण्यात विद्यापीठात तोंडी परीक्षा झाली ती २००७ च्या जुलैत. सर काठी टेकत आले होते, मागच्या रांगेत बसले. शंकरराव दाराशी उभे होते, आत या म्हटलं तरी आले नाहीत. बाहेरचे परीक्षक नागपूरचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सावकाश पानं उलटली, दोन-चार अवघड प्रश्न विचारले, उत्तरं ऐकून मान हलवली. मग पहिल्या पानांवरच्या ऋणनिर्देशाशी थांबले.

"आईवडील, गाईड, परिचर... हे ठीक आहे. ही सुलोचना बेहेरा कोण? तुमच्याबरोबर काम करत होती का?"

"नाही सर," गौतमी म्हणाली. "ती ओडिशाला हेच काम करत होती. नीट करत होती. मला खरं माहीत होतं आणि तिनं विचारल्यावर मी तिला सांगितलं नाही. तिचं काम सुटलं."

मागच्या रांगेत ढमढेरे सरांनी मान वर केली. परीक्षकांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, पदवीच्या शिफारशीवर सही केली, आणि पान न उलटता प्रबंध मिटून टेबलावर ठेवला.

"बसा," ते म्हणाले.